टोळधाडीला एक तारा

टोळधाड उतरली आणि रुपचंदनानांच्या तिन्ही चौक्या एका दमात मोकळ्या झाल्या. दोन भालदार, एक हत्ती आणि जिवापाड राखून ठेवलेला किल्लेदार, सगळं फस्त. फोनच्या पडद्यावर हिरवे-पिवळे टोळ क्षणभर भिरभिरले आणि खाली एकच बटण उरलं : 'पुढे'.

"चहा थंडा व्हई ग्या तुम्हना," आतून पुष्पाबाई म्हणाल्या.

"आठ दिनमा अकरावी टोळधाड शे ही," नाना चष्मा काढत म्हणाले.

पुष्पाबाई हात पुसत ओट्यावर आल्या आणि त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "कोठे शे?"

"आभाळमा नही वं. फोनमा."

"मंग पेई ल्या चहा," म्हणून त्या परत आत गेल्या.

रणपट हा फोनवरचा पत्त्यांचा खेळ. तीस पानांचा आपला डाव आपण जुळवायचा, दर फेरीला थोडी रसद मिळते, ती पुरवून पानं चौक्यांवर उतरवायची आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. समोरचा कुठे नांदेडला असतो, कुठे भोपाळला. खेळ फुकट. ज्याला घाई असेल त्याने पैसे भरून पानांच्या पेट्या घ्याव्यात, नसेल त्याने जिंकत जिंकत गोळा कराव्यात. नानांना कसली घाई? चार वर्षांपूर्वी ते पारोळ्याच्या बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. एकोणतीस वर्षं कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या. आता घरात पुष्पाबाईंना नुसती हाक मारली तरी शेजारचे दचकत.

खेळाकडे ते वळले ते लेकीमुळे. एकुलती एक दिपमाला पुण्याला कंपनीत होती आणि हा खेळ तिच्याच कंपनीचा. जामनेरला एका लग्नात रतिलालने, नानांच्या चुलतभावाने, पंगतीत विचारलं, "दिपू काय करस पुण्याले?"

"पत्त्यांचा खेळ बनवते," नाना म्हणाले.

"म्हंजे जुगार?"

पंगत हसली. नानाही हसले, पण जिलेबी काही घशाखाली उतरली नाही. वाईट याचं वाटलं की जुगार नाही तर काय, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. दिवाळीत दिपमालाने स्वतःच्या फोनवर दाखवायला घेतलं होतं, तर "आपले काही जमाव नही" म्हणून हेच उठून गेले होते. लग्नाहून आल्यावर त्यांनी गुपचूप खेळ उतरवून घेतला. आधी नीट शिकायचं, मग लेकीला चकित करायचं, असा बेत. फोन पुतण्या तेजसचा जुना होता, त्यातलं खातंही अजून त्याच्याच नावाचं. त्यामुळे रणपटाच्या जगात नाना 'तेजस' होते. आठ महिन्यांत हा तेजस बऱ्यापैकी तरबेज झाला. हत्ती केव्हा काढायचा, दूत केव्हा बळी द्यायचा, सगळं जमू लागलं. हरले तरी काय चुकलं ते कळायचं आणि त्यातच गंमत होती.

मग मागच्या महिन्यात टोळधाड हे पान आलं.

खेळ जिथून उतरवून घ्यायचा त्या पानावर खाली लोकांची मतं असत. नाना ती रोज वाचायचे. कोणी पाच तारे देऊन 'मस्त' लिहायचा, कोणी एक तारा देऊन कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. टोळधाड आल्यापासून तर शिव्यांचा पाऊसच पडत होता. नानांना ती मतं वाचून स्थानकावरची तक्रारवही आठवायची. ती वही त्यांच्याच टेबलावर असे. तावातावाने येणाऱ्या माणसाला ते आधी पाणी द्यायचे आणि सांगायचे, "भाऊ, शिव्या लिखू नका. तारीख लिखा, वेळ लिखा, काय झालं ते लिखा. म्हणजे वाचणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं." एकोणतीस वर्षांत स्वतः मात्र त्यांनी कुठेच तक्रार लिहिली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी लिहिली. अंगठ्याने एकेक अक्षर शोधत, पाऊण तास.

'महोदय, दि. ३ ते दि. १० या आठ दिवसांत मी एकूण चोवीस डाव खेळलो. पैकी अकरा डावांत समोरील खेळाडूने टोळधाड हे पान टाकले. अकराही डाव मी हरलो. हरण्याबद्दल तक्रार नाही. परंतु हे पान चौथ्या फेरीत येऊन माझी सर्व पाने व रसद संपवते. त्यानंतर मला करण्यासारखे काहीही उरत नाही. केवळ "पुढे" हे बटण दाबत बसावे लागते. मी खेळावयास आलेलो असून मला बघ्याचे काम देण्यात येत आहे. तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी, ही विनंती. पानावरील चित्र चांगले आहे.'

आणि एक तारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मताखाली चाळीस लोकांनी 'उपयुक्त' म्हणून अंगठा दाखवला होता. चौथ्या दिवशी सहाशे. कोणीतरी खाली लिहिलं, 'काका बरोबर बोलले.' आपण काका आहोत हे त्याला कसं कळलं, याचं नानांना मोठं नवल वाटलं. त्या आठवड्यात ते बाजारातून येताना उगाच शीळ घालत होते.

शुक्रवारी सकाळी ओट्यासमोर रिक्षा थांबली आणि दिपमाला उतरली. ना सण, ना वार, ना फोन.

"काय व्हयनं वं बेटा?" पुष्पाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. "आंग तर गरम नही शे."

"काही नाही गं आई. सुट्टी काढली दोन दिवस."

पुष्पाबाईंनी लगेच वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या. दिपमालाने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटात बोट फिरवत बसली. थोड्या वेळाने तीच बोलली.

"नाना, तुम्हाला खेळातलं नाही कळायचं, पण सांगते. माझं पहिलं पान आलं मागच्या महिन्यात. नाव माझं, नियम माझे. चार महिने बसले होते त्यावर."

"कोनतं पान?" नानांचा घास हातातच राहिला.

"टोळधाड. देवचंद आजोबा सांगायचे ना, त्यांच्या लहानपणी टोळ आले होते, उभी ज्वारी दुपारपर्यंत काड्या झाली, ती गोष्ट. सगळ्यांना आवडलं होतं ऑफिसात. आता लोक रोज शिव्या घालतात."

"शिव्या घालणाऱ्यांचं काय मनावर घ्यायचं," नाना कसेबसे म्हणाले.

"शिव्यांचं नाहीच वाटत. त्या सगळ्याच पानांना पडतात. पण एका माणसाने लिहिलंय. कोणी तेजस म्हणून आहे. साहेबांनी मीटिंगमध्ये ते मोठ्या पडद्यावर लावलं आणि वाचून दाखवलं. सुरुवात 'महोदय'पासून! आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना. एकही शब्द खोटा नव्हता त्यात." "'मला बघ्याचे काम देण्यात येत आहे.' हे वाक्य जातच नाही डोक्यातून. साहेब म्हणतात, पान काढूनच टाकू या. सोमवारी ठरेल."

पुष्पाबाई म्हणाल्या, "कोन शे तो मेला? त्याले काई कामधंदा नही का?"

नाना पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिले.

जेवण झाल्यावर ते चप्पल घालून बाहेर पडले. किल्ल्याच्या खंदकाकडेने चालत गेले आणि निंबाच्या सावलीत दगडावर बसले. फोन काढला. आपलं मत उघडलं. बाराशे अंगठे झाले होते. बाजूला तीन ठिपके होते, ते दाबले की 'काढून टाका' असं येई. दाबलं तर संपलं. लेकीला कधी कळणार नाही, बायकोला नाही, कोणालाच नाही.

स्थानकावर असताना असं व्हायचं. रागात लिहून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचा, नाना, ते पान फाडा ना, ड्रायव्हर आमच्या गावचाच निघाला. नाना म्हणायचे, पानांवर नंबर असतात भाऊ, फाडता येत नाही. तुमचं म्हणणं बदललं असेल तर पुढच्या पानावर तसं लिहा.

आपलं म्हणणं बदललं आहे का? नानांनी प्रामाणिकपणे विचार केला. नव्हतं बदललं. फक्त ते कोणाला लागलं, एवढं आता ठाऊक झालं होतं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि घरी आले.

दिपमाला ओट्यावर पाय सोडून बसली होती. नाना तिच्याशेजारी बसले.

"दिपू, ते मीच लिखेल शे."

"काय?"

"ते. अकरा डावांचं. तेजस म्हणजे मी."

नानांनी फोन उघडून तिच्या हातात दिला. आठ महिन्यांची चढती पायरी, जुळवलेला डाव, हत्ती, किल्लेदार, सगळं तिने खालीवर करून पाहिलं.

"'महोदय' वाचलं तेव्हा तुमचीच आठवण आली होती," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही तर खेळतच नाही..." आणि एकदम तिचा स्वर चढला. "एक तारा, नाना? एक?"

"मले काय माहीत तुनं पान शे ते."

"माहीत असतं तर?"

"माहीत असतं तर लिहिलंच नसतं. पाच तारे दिले असते आणि रोज हरत बसलो असतो."

दिपमालाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. आतून ऐकत असलेल्या पुष्पाबाई दारात आल्या. "मी त्याले 'मेला' म्हनी बसनू ना वं माय," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, आणि मग तिघंही हसत सुटली.

दिपमालाने आपला फोन काढला. "चला. खेळा माझ्याशी."

दोघं समोरासमोर मांडी घालून बसली. पहिल्या डावात नानांनी चांगली मांडणी केली. दोन्ही बाजूंच्या चौक्या भरल्या, किल्लेदार मधे. चौथ्या फेरीला तिने टोळधाड टाकली. नाना 'पुढे' दाबत राहिले. दुसरा डाव, तेच. तिसऱ्या डावाला दिपमाला पडद्याकडे न बघता बापाकडे बघत होती. टोळ आले तेव्हा नानांचे खांदे किंचित खाली गेले. रागावले नाहीत, वैतागले नाहीत. नुसते अंगठ्याने बटण दाबत बसले, समोरच्याची पाळी संपायची वाट बघत. ऑफिसात तिने हे पान हजारो डाव संगणकाला खेळायला लावून तपासलं होतं. कोण किती वेळा जिंकतं ते तिला आकड्यांत तोंडपाठ होतं. हरणाऱ्या माणसाच्या समोर ती आज पहिल्यांदा बसली होती.

"बस झालं," तिने फोन पालथा ठेवला. "सांगा मग, काय करू? काढून टाकू?"

"काढू नको. पान चांगलं शे. पण देवचंद आबांची गोष्ट तू अर्धीच घेतली."

"म्हणजे?"

"टोळ आले, ज्वारी खाल्ली, इतलंच नव्हतं ते. आधी आभाळ काळवंडलं. मग बठ्ठं गाव डबे घेऊन शेतात पळालं. बायकांनी पराती वाजवल्या, शेणाच्या गोवऱ्यांचा धूर केला. वरचं शेत गेलं, पण विहिरीकडचा तुकडा वाचला. आबा त्या तुकड्याचंच सांगायचे नेहमी. तू लहान होतीस, टोळांचं तेवढं लक्षात राहिलं तुझ्या."

दिपमालाने आईकडे कागद मागितला. कॅलेंडरचं मागचं पान मिळालं. त्यावर संध्याकाळपर्यंत ती चौकोन काढत बसली. मधूनच विचारी, "एक फेरी आधी कळलं तर पुरे का?" नाना म्हणत, "पुरे. एका फेरीत माणूस पुष्कळ करतो." शनिवारी दिवसभर बापलेक कागदाचे कपटे कापून तेच तेच डाव खेळले. पुष्पाबाईंना कपट्यांवर चहा ठेवायची बंदी होती. रविवारी दुपारच्या गाडीने ती गेली. जाताना नानांच्या पाया पडली आणि म्हणाली, "तारा बदलायचा नाही हं माझ्यासाठी."

"पान बदलल्यावर बघू," नाना म्हणाले.

पान बदलायला महिना लागला. साहेबांना पटवायला त्यातले दोन आठवडे गेले, असं दिपमाला फोनवर म्हणाली. आता टोळधाड टाकली की समोरच्याच्या पडद्यावर आधी सावली पडे, 'आभाळ काळवंडलं' अशी अक्षरं येत आणि खाली एक नवं बटण : 'डबे वाजवा'. रसद खर्च करून एक चौकी वाचवता येई. कोणती, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

नानांनी नव्या पानाचे वीस डाव होईपर्यंत वाट पाहिली. नऊ वेळा टोळ आले. सहा हरले, तीन जिंकले. मग त्यांनी जुन्या मताखाली भर घातली : 'दुरुस्ती झाल्याचे आढळले. समाधान वाटले. चार तारे. पाचवा तारा अक्षरे मोठी केल्यावर.'

साहेबांनी या तेजसला सगळी पानं भेट द्यायची ठरवली होती. नाना म्हणाले, "नको. मग गोळा करायला काय राहील?" रतिलाल पुन्हा एका साखरपुड्यात भेटला, तेव्हा नानांनी त्याच्या फोनवर खेळ उतरवून दिला आणि पहिल्या डावाला धुऊन काढला.

एका सकाळी नाना गिरणीवर दळण घेऊन बसले होते. गर्दी होती. बाकावर शेजारी आरोग्यकेंद्रातली एक नर्स, डोक्यावरच्या केसांवर पिठाची भुरभुर, फोनमध्ये मान घालून. नानांना तिरप्या नजरेने रणपटाच्या चौक्या दिसल्या. एवढ्यात तिच्या पडद्यावर सावली पडली.

"अरे देवा," ती पुटपुटली. पाय बाकाखाली ओढून घेतले, ओठ दाताखाली धरला, एका चौकीवर बोट नेलं, मागे घेतलं, दुसरीवर नेलं. मग दाबलं. टोळ आले आणि गेले.

"वाचलं का काही?" नानांनी विचारलं.

तिने वर पाहिलं. "हत्ती वाचला काका," ती म्हणाली आणि लगेच पुन्हा पडद्यात बुडाली.

हे पान माझ्या पोरीचं आहे, हे शब्द नानांच्या अगदी ओठावर आले होते. पण तिची पाळी चालू होती. गिरणीवाल्याने त्यांच्या नावाची हाक दिली. नाना उठले, ज्वारीच्या पिठाची गरम पिशवी त्यांनी पोटाशी धरली आणि उन्हातून घराकडे चालू लागले.