एकशे बारावं पान

मी एक जुनी बाभळीची सुरी आहे. भाजी चिरायची नव्हे हं! मी पुस्तकांची पानं कापते. मित्रांनो, निजामाच्या राज्यात पुष्कळ मराठी पुस्तकं कडेला पानं जोडलेलीच यायची. कापल्याशिवाय आतलं वाचता येत नसे. सास्तूरच्या सुतारानं गाडीच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं आणि वाशीच्या अण्णारावांना दिलं.

अण्णाराव धान्याचे व्यापारी, पण जीव सगळा पुस्तकांत. इतिहास, राजकारण, धर्म, साहित्य, काहीही येवो, ते शेवटच्या पानापर्यंत मला चालवत आणि दर सोमवारी वाचनालयात आपलं परीक्षण वाचून दाखवत. माणूस जुन्या वळणाचा. उगाच नव्याची हौस दिसली की कपाळावर आठी! तरुण त्यांना हसत, तेव्हा मला भारी राग यायचा.

एकदा एक गाजलेलं पुस्तक आलं. गावच्या जत्रा, जुने रिवाज सगळे मोडून टाका, असं त्यात म्हटलेलं. अण्णारावांनी त्यावर सडकून टीका केली. तसा वाचनालयाचा चिटणीस बलभीम उसळला.

"अण्णा, नवं कायबी आलं की तुमी नाकच मुरडता. लई झालं! सोमवारचं वाचन आता बंद करा."

सगळे माना डोलावू लागले. आठवडाभर अण्णाराव त्या एका सोमवारसाठीच तर जगत!

तरी ते शांतपणे म्हणाले, "बलभीम, एकशे बारावं पान वाचा की."

बलभीमनं आपली प्रत उघडली. सोळा पानांपुढचं सगळं जोडलेलंच! त्याचा चेहरा खर्रकन उतरला. अण्णारावांनी मला पुढं केलं. "घ्या, कापा. मंग भांडा."

कर्र कर्र करत मी चालले. बलभीम वाचू लागला. लेखकाच्या गावची बारव, ती पायऱ्यांची विहीर, कुणी खणली? जत्रेला जमलेल्या माणसांनी! लेखकाचंच पुस्तक अण्णारावांच्या बाजूनं बोलत होतं. वाचनालय टाळ्यांनी दणाणलं. मी तर नुसती फुलून गेले!

"चुकलं, अण्णा," बलभीम म्हणाला. "पर तुमचं समदंच मला पटत न्हाय. फुडल्या सोमवारी म्याबी लिवणार."

"लिवा की! आधी हिला घेऊन जा." अण्णाराव मनापासून हसले आणि मला त्याच्या हातात दिलं.

आता पुस्तकं कापूनच येतात. मी वाचनालयाच्या खणात पडून असते. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण पुस्तकाला नावं ठेवायची असोत की डोक्यावर घ्यायचं असो, आधी एकशे बारावं पान गाठा. मग खुशाल भांडा!