हरिबाच्या तारा

सिरसाळ्यात आप्पारावच्या केबलशिवाय कुणाच्या घरात टीव्ही लागत नव्हता, अन् आप्पारावचं नाव निघालं की सिंधुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. जाणारच की! नवरा गिळलता त्यानं तिचा. हरिबा टेलिफोनचा लाइनमन. आप्पारावनं केबल ओढली ती फुकटात टेलिफोनच्याच खांबांवरून, अन् तिच्या बूस्टरच्या पेटीला विजेचा आकडा टाकलेला. पेटीत करंट उतरला, हरिबाचा हात लागला अन् गडी वरून पडला तो उठलाच नाही. लोक जमेस्तोवर आप्पारावनं आकडा काढून घेतला आणि पंचनाम्यात सांगितलं, "पिऊन चढलता." पंचशील घेतल्यापासून ज्यानं थेंबाला हात लावला नव्हता, तो माणूस मेल्यावर दारुडा ठरला.

सिंधुबाई अनुकंपावर त्याच्याच जागी लागली. सहा वर्षं दातओठ खात खांब चढली.

दोन हजार आठ साली फोनच्या जुन्या तारेतून टीव्ही अन् इंटरनेट द्यायची योजना आली. मोबाइलपायी निम्मे फोन मुके झालते, पण तारा घरोघर तशाच लोंबत होत्या. साहेब म्हणाले, "असल्या गंजक्या तारेतून काय चित्र येणार?" कसं येत नाही तेच बघते, म्हणून सिंधुबाईनं एकेक जोड सोडला, ब्लेडनं तांबं खरवडून लख्ख केलं अन् हरिबा घालायचा तसा घट्ट पीळ घातला. चित्र आलं, अन् आप्पारावच्या चित्राहून लई साफ आलं.

जोडीचा लाइनमन सतीश म्हणाला, "वहिनी, खांब आपले हायत. एक नोटीस काढू, उतरवू त्याची केबल."

"न्हाई भाऊ. आपण तोडली तर गाव त्याच्यासाठी हळहळंल. मला ती गावाच्याच हातानं काढायची हाय."

दारोदार फिरली ती. चार महिन्यांत आप्पारावकडं देवळामागची एक गल्ली उरली. मग बाजाराच्या दिवशी तो भरल्या बाजारात तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"सिंधुबाई, तेवढी गल्ली सोडा. पोट हाय माझं त्याच्यावर."

"हरिबा पिलते का त्या दिवशी?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई."

"मला काहून सांगता? मला ठाऊकच हाय. बाजाराला सांगा."

आप्पारावनं घसा खाकरला. "हरिबा पिलेला नव्हता. करंट माझ्या पेटीतला होता." भाजीवाली तुळजाबाई तराजू तसाच धरून राहिली. सिंधुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

आप्पारावला वाटलं, सुटलो बुवा. "मग गल्ली तेवढी..."

"सोडते असं म्हनले का मी?"

तिनं शिडी खांद्यावर टाकली अन् तरातरा देवळामागं निघाली. मागं आप्पाराव, त्याच्या मागं बाजार. गल्लीतलं पहिलं घर त्याचंच. दारात त्याची बायको मंजुळाबाई फोनच्या तारेवरल्या टीव्हीसाठी सही केलेला अर्ज घेऊन उभी होती.

"या बाई, आत या," ती म्हणाली.

सिंधुबाईनं आप्पारावच्या डोळ्यांदेखत शिडी त्याच्याच भिंतीला लावली.