तीनशे मैलांचा नियम

डुलुथ शहरातल्या धावणाऱ्या मंडळींना आर्लिस हाउगेन माहीत होती ती तिच्या वेगामुळे नव्हे, हट्टामुळे. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केलेली ही बाई धावायच्या बुटांची परीक्षणं करणारी ‘मड सीझन’ नावाची वेबसाइट चालवायची. जाहिरात नाही, कंपनीचा फुकट बूट नाही. बूट दुकानातून विकत घ्यायचा, तीनशे मैल धावायचं, मगच त्याच्याबद्दल लिहायचं. वर्षातून एकदा वाचकांना सांगायचं, जमेल तेवढं द्या, नाही जमलं तरी वाचत राहा. त्यावर बारा वर्षं निभावलं होतं.

रॉइस तुओमिनेन पहिल्या दिवसापासून सोबत होता. निवृत्त पोस्टमन, जिभेचा तिखट. आर्लिस मोजमापं लिहायची, रॉइस हसवायचा. साइटवर लोक रॉइससाठीच येतात, हे आर्लिसला पक्कं ठाऊक होतं आणि ते तिला थोडं टोचायचंही.

मार्चमध्ये फार्गो शहरातल्या कॉलीन शिमान्स्की नावाच्या नर्सचं पत्र आलं. एका बड्या कंपनीच्या नव्या बुटाचं रॉइसने तोंडभरून कौतुक केलं होतं. ते वाचून तिने तो घेतला. नव्वद मैलांतच सोलमधली पट्टी तुटली आणि पाय वेडावाकडा पडून पावलाचं हाड मोडलं. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘भरपाई नको. एवढंच सांगा, तुमच्या जोडीची पट्टी तीनशे मैल टिकली का?’

आर्लिसने रॉइसला फोन केला. “तुझे बूट आण, सोल कापून बघू.”

“फेकले गं.”

“तू? तू तर तुटक्या नाड्यासुद्धा जपून ठेवतोस.”

तो हसला, पण ते हसणं तिला पटलं नाही. ती तडक त्याच्या घरी गेली. गॅरेजचं दार उघडंच होतं. फळीवर ओळीने बुटांचे अकरा खोके. तिने तोच बूट काढून उलटा केला. सोलवर चिखलाचा डाग नव्हता. दुसरा खोका उघडला, तिसरा उघडला. सगळे कोरे.

रॉइस दारात उभा होता. त्याच्या हातात काठी होती. काठी घेतलेला रॉइस ती पहिल्यांदाच बघत होती.

“गुडघे गेले,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, धावलास तर चालणंही जाईल.”

“आणि हे खोके?”

“कंपन्यांनी पाठवले. एकीने तर ओरेगॉनला नेऊन खाऊपिऊ घातलं. काय लिहायचं तेही मीच ठरवलं, त्यांनी सांगितलं नाही हं!”

“न धावता लिहिलंस, रॉइस! एका बाईचं हाड मोडलं.”

“माहीत आहे, आता सांगितलंस ना.” तो पायरीवर बसला. “मी न धावणारा माणूस झालो, हे कुणाला सांगायचं होतं मी? तुला? दोन वर्षांत एकदा तरी म्हणालीस का, चल रॉइस, बरोबर धावून येऊ? तुला लेख वेळेवर हवा होता. तो वेळेवर आला.”

आर्लिसने हातातला बूट खोक्यात ठेवला आणि ती निघाली. घरी आल्यावर त्याच्या प्रश्नाचा तिने विचारही केला नाही. लिहायला बसली. रॉइसचं नाव, अकरा खोके, त्याचे गुडघे, फार्गोची कॉलीन शिमान्स्की, सगळं लिहिलं. दोन वर्षांची त्याची परीक्षणं काढून टाकली. वर्षभरात आलेले पैसे ज्याचे त्याला परत पाठवले. तिला वाटलं, लोक चिडतील, पण मग खरेपणाची किंमत कळून जवळ येतील.

लोक चिडले, तिच्यावर. ‘म्हाताऱ्याचे गुडघे चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती?’ ‘फुकटचे बूट सगळेच घेतात, तुम्हालाच कसलं सोवळं?’ कॉलीनचं दुसरं पत्र दोन ओळींचं होतं. ‘मी फक्त एक प्रश्न विचारला होता. नाव छापायला तुम्हाला कुणी सांगितलं? आता वॉर्डातही लोक विचारतात.’

आर्लिसने तासाभरात तिचं नाव काढलं, माफी मागितली. उत्तर आलं नाही. नियम बारा वर्षं पाळले, पण माणसाला विचारून घ्यायचा साधा नियम तिच्या यादीत कधी नव्हताच.

सप्टेंबरमध्ये आर्लिस तलावाकाठची लांब पल्ल्याची शर्यत धावत होती. सोळाव्या मैलाला पाण्याचं टेबल होतं, मागे कॉलीनचा तो बूट बनवणाऱ्या कंपनीचं निशाण. टोपी घालून, उंच स्टुलावर बसून रॉइस पेले पुढे करत होता. उतारवयातल्या धावपटूंसाठी कंपनीने काढलेल्या नव्या साइटवर आता तोच लिहायचा. लोक थांबून त्याच्यासोबत फोटो काढत होते.

“ये गं आर्लिस,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला झोंबलं. “पाणी घे. ऊन आहे.”

“नको.”

“तुझी साइट वाचतो अजून.”

“किती थोडे वाचक उरलेत, तेही दिसत असेल मग.”

“तेवढं विचारू नकोस,” रॉइस म्हणाला आणि मागून आलेल्या बाईला हसून पेला दिला.

घसा कोरडा पडला होता. पुढचं टेबल तीन मैलांवर होतं. आर्लिस न थांबता पुढे निघाली.