गुडघ्याखालची कातडी

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण गोष्ट कळावी म्हणून एकदाच सांगते: कृष्णात. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर यांचा डावा पाय गेला, गुडघ्याखाली. दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आम्हाला एक खोली मिळाली, इस्पितळातून लाकडी पायही मिळाला. आणि कोल्हापूरकडे सासूबाईंना यांनी कळवलं काय, तर पायाला जरा लागलंय, बरं होतंय. मी म्हटलं, नवा पाय फुटणार आहे का तुम्हाला? त्यावर हे माझ्याशी बोलेनासे झाले.

लाकडी पाय चावायचा. चालून आले की उरलेल्या पायाच्या टोकाची कातडी लालबुंद. त्यावर यांनी काय केलं असेल? रंगरूट असताना नवे बूट चावू नयेत म्हणून ही पोरं टाचांना स्पिरिट चोळायची, कातडी टणक व्हायला. तेच स्पिरिट हे माझ्या नकळत त्या कोवळ्या जागेवर चोळत बसले. कातडी टणक झाली नाही, तडकली आणि पिकली. मला वास आला तेव्हा कळलं. ट्रंकेमागे बाटली सापडली, ती मी मोरीत ओतली आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले.

डॉक्टर मात्र ओरडले नाहीत. जखम साफ करून मला म्हणाले, "देखो बहनजी, चमडी अपना काम खुद करती है. आप बस रोज उसका खयाल रखो." मग यांच्याकडे वळून म्हणाले की पुन्हा चिघळलं तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. गुडघा असला तर माणूस लाकडी पायावर जिना चढतो, सायकलसुद्धा चालवतो. गुडघा गेला की सगळंच अवघड. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला घमेल्यात कोमट पाणी. साधा साबण, मऊ फडकं. घासायचं नाही, टिपायचं. जखमेवर डॉक्टरांचं मलम, भोवतीच्या चांगल्या कातडीवर खोबरेल तेलाचं एक बोट. खालची बाजू दिसावी म्हणून आरसा धरायचा. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, आणि मी आपली टकळी चालू ठेवायची, भाजीचे भाव काय, शेजारीण काय म्हणाली. पहिले काही दिवस वाटलं, काही होत नाही. मग एका संध्याकाळी कडेनं बारीक गुलाबी कातडी आलेली दिसली, दुधावर साय धरते तशी. मी काही केलं नव्हतं, फक्त रोज बघितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी यांना बळजबरीनं आरशात बघायला लावलं.

जखम मिटत आली आणि नेमका सांगावा आला, सासूबाई निघाल्यात. गावातला बळवंत यांच्याच पलटणीत, सुट्टीवरून परतताना तो त्यांना घेऊन येत होता. यांच्या सांगण्यावरून त्यानंही तोंडाला कुलूप लावलं होतं. गाडी यायच्या दिवशी बघते तर हे लाकडी पाय बांधत बसलेले. डॉक्टरांनी अजून आठवडाभर त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"आज एक दिवस," हे म्हणाले. "आईसमोर उभा राहीन, मग काढतो."

"आणि नवी कातडी फुटली तर?"

"फुटू दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पाय तुमचा होता, तो गेला तेव्हा मी काही बोलले नाही. ही कातडी मात्र माझ्यासमोर आलीय. तिच्यावर माझापण हक्क आहे. बांधा तुम्ही, पण संध्याकाळी घमेलं घेऊन बसायला मी येणार नाही."

मी खरंच आले नसते का? आलेच असते. पण यांना ते कुठं ठाऊक. यांनी पट्टा सोडला आणि कुबड्यांकडे हात केला.

नवी दिल्ली स्टेशनात इतकी गर्दी, तरी सासूबाईंनी यांना लांबूनच हेरलं. हसत हसत येत होत्या. मग नजर खाली गेली, दुमडून पिन लावलेल्या पँटीवर, आणि त्या होत्या तिथंच थांबल्या. बळवंत दुसरीकडे बघायला लागला. यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, लाकडी पाय बांधू द्यायला हवा होता मी. कशाला अडवलं?

सासूबाई जवळ आल्या. रडतील, मला बोल लावतील, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी वाकून पँटीची घडी हातानं चाचपली, आंधळं माणूस चाचपतं तशी.

"कुठवर गेलाय रं?"

हे लढाईत जखमी झाले तेव्हापासून मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता डोळे पुसायलाही थांबले नाहीत. एक कुबडी माझ्याकडे दिली, आईचा हात धरला आणि वर ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"हा हाय आई," हे म्हणाले. "हा ऱ्हायलाय. हिनं राखलाय."