पंचेचाळीस टक्के

हॉकनची बोट चांगली होती. तिला नावं ठेवायला गुनवोरला जागा सापडत नव्हती, म्हणून ती हॉकनला ठेवायची. विमा कंपनीत जन्म काढलेला माणूस साठीला आला, पेन्शन घेतली, एक पांढरी बोट घेतली आणि एका हिवाळ्यात चार पुस्तकं वाचून कप्तान झाला. तशी टोपीही त्याने विकत आणली होती.

गुनवोरने एकतीस वर्षं मोठ्या फेरीबोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. दोन हजार प्रवासी रात्रभर खाऊन, पिऊन, ओकून सकाळी उतरत, त्या सगळ्यांचा मैला पोटात घेणाऱ्या टाक्या तिच्या ताब्यात असत. त्या वसंतात ती निवृत्त झाली आणि धाकट्या बहिणीने, हॉकनच्या बायकोने, माय-लिसने, तिसऱ्यांदा बोलावणं धाडलं. आठवडाभर बेटांमधून हिंडू, तू, मी आणि हॉकन. दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा कारण सुचलं नाही.

हॉकनला बोटीवरच्या सगळ्या वस्तूंत एका वस्तूचा विशेष अभिमान होता. संडासातल्या भांड्यामागे, फळीच्या आड, साठ लिटरची प्लॅस्टिकची मैल्याची टाकी होती. घाण समुद्रात सोडायला बंदी, त्यामुळे सगळं तिच्यात साठायचं आणि बंदरातल्या उपसा पंपावर नेऊन रिकामं करायचं. ती किती भरली हे कळावं म्हणून हॉकनने आत एक सेन्सर बसवून घेतला होता आणि तो फोनला जोडला होता. रोज सकाळी राय धान्याचा काळा पाव आणि कॉफी समोर आली की तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगायचा, टाकी अमुक टक्के.

पहिल्या सकाळी एकवीस. दुसऱ्या सकाळी पंचेचाळीस. तिसऱ्या सकाळीही पंचेचाळीस.

"बघा," हॉकन म्हणाला, "जरा शिस्तीने वापरलं की कसा फरक पडतो."

आदल्या संध्याकाळी त्याने भांडं धुऊन काढायच्या हातपंपाचा दांडा कितीदा मारायचा यावर एक छोटं व्याख्यान दिलं होतं. गुनवोरने पावाला लोणी लावता लावता त्याच्याकडे पाहिलं. तीन माणसं, दिवसभर कॉफी, वर काल रात्री बिअर, आणि टाकी एका थेंबानेही वाढली नाही, हे ज्याला नवल वाटत नाही आणि शिस्त वाटते, त्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या घरांना लागलेल्या आगींचा हिशेब कसा केला असेल, असा प्रश्न तिला पडला. माय-लिस टेबल पुसत होती. ती नवऱ्याच्या बोलण्याच्या वेळी नेहमी काहीतरी घासत किंवा पुसत असे.

नाश्त्यानंतर गुनवोर संडासात गेली, कडी लावली, भांड्यामागची फळी सरकवली आणि टाकीवर बोटांची पेरं वाजवली. वरून खाली. वर, अगदी कडेशी, पोकळ आवाज आला. चार बोटं खाली आल्यावर तो बसला, भरलेल्या पिंपासारखा. एवढंच करायचं असतं. मैल्याच्या टाकीतला कुठलाही सेन्सर आज ना उद्या लडबडतो आणि जिथे चिकटला तिथला आकडा दाखवत बसतो. ही गोष्ट इंजिनखोलीत पहिल्या आठवड्यात कळते. शिवाय पंप मारताना टाकीतली हवा बारीक नळीतून बाहेर जाताना सुस्कारा टाकते, तो सुस्कारा तिला काल संध्याकाळपासून ऐकू आला नव्हता. म्हणजे ती नळीही तुंबली होती.

तिने फळी पुन्हा लावली, हात धुतले आणि वर येऊन बसली.

सकाळी अकराच्या सुमाराला एक बंदर आलं. धक्क्याच्या टोकाला उपसा पंप होता आणि त्याच्यासमोर तीन बोटी रांगेत थांबल्या होत्या. माय-लिसने विचारलं, जाऊन यायचं का, आलोच आहोत तर. हॉकनने फोन तिच्यासमोर धरला. अर्धीसुद्धा नाही, रांगेत तासभर कशाला घालवायचा? मग त्याने सुकाणूवरूनच गुनवोरला विचारलं, म्हणजे विचारल्यासारखं केलं.

"तू तर यातली जाणकार. पंचेचाळीस म्हणजे अजून दोन दिवस आरामात, काय?"

गुनवोरच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण 'जाणकार' हा शब्द त्याने असा उच्चारला होता, जसं कुणी गवंड्याला वास्तुशिल्पी म्हणावं. आणि ती टोपी.

"कप्तान तू आहेस," ती म्हणाली.

तो खूश झाला. बोट बंदराला वळसा घालून पुढे गेली. मागे पडणाऱ्या पंपाकडे पाहताना गुनवोरला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

तीनच्या सुमाराला त्यांनी एका खडकाळ आडोशाला नांगर टाकला. तिथे हॉकनच्या बोट क्लबचे अध्यक्ष एनबोम आधीच मुक्काम ठोकून होते. हॉकनने त्यांना हाक मारून कॉफीला बोलावलं. ते होडी वल्हवत आले, उंच, वाकलेले, सगळ्याला मान डोलावणारे गृहस्थ. दालचिनीचे बन आले. हॉकनने फोन काढला. गुनवोर कप हातात धरून मागे टेकून बसली, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसावं तशी. माय-लिस बन वाटून झाल्यावर खाली गेली.

हॉकन एनबोमना सांगत होता की बहुतेक लोक अंदाजपंचे चालवतात, मोजत कुणी नाही. खालून पंपाचा दांडा ऐकू येत होता. एकदा, दोनदा, मग जड. गुनवोरने त्या जडपणावरूनच ओळखलं. ती उठू शकली असती. हाक मारायला पुरे इतका वेळ होता. पण हॉकन त्याच क्षणी "हा बघा आकडा" म्हणाला, आणि तिने एनबोमच्या चेहऱ्याकडे पाहण्यात तो वेळ घालवला.

खाली फटकन आवाज झाला आणि मग बराच वेळ फसफस चालू राहिली.

माय-लिस ओरडली नाही. पायऱ्यांपाशी येऊन ती तशीच उभी राहिली. टाकीत जाणारी नळी सांध्यातून निसटली होती, आणि आत कोंडलेलं सगळं तिच्या गुडघ्यांवर, पोटावर, डाव्या बाजूच्या केसांवर आलं होतं. तिने हात अंगापासून लांब धरले होते. एनबोमनी कप खाली ठेवला, कॉफी छान होती म्हणाले आणि कुणाकडे न पाहता होडीत उतरले.

आता गुनवोर ज्याची वाट पाहत होती ते व्हायला हवं होतं. हॉकन बोट बांधणाऱ्यांना शिव्या देईल, सेन्सर विकणाऱ्याला देईल, दांडा नीट मारला नाहीस म्हणून बायकोलाही देईल. तसं झालं नाही. त्याने टोपी काढली, बाही वर केली आणि बायकोला हाताला धरून मागच्या शिडीपर्यंत नेलं. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी त्या आकड्यावर विसंबलो." मग बादली आणि चिंध्या घेऊन तो खाली गेला आणि संडासात गुडघ्यांवर बसला. दोन तास त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला, आणि दोन ओकाऱ्यांच्या मध्ये घासण्याचा. गुनवोर मदतीला खाली उतरली तर त्याने नको म्हटलं, जागा एकाचीच आहे. त्याची घासण्याची पद्धतसुद्धा चुकीची होती, कोपऱ्याकडून दाराकडे यायचं सोडून तो दाराकडून आत जात होता. पण तो घासत होता.

माय-लिस कमरेइतक्या थंड पाण्यात शिडीच्या पायरीवर उभी होती. गुनवोर वरून तिच्या केसांवर तांब्या तांब्याने पाणी ओतत होती आणि साबण लावत होती. लहानपणी शनिवारी सौनात वाफ घेऊन झाल्यावर अशीच धुवायची तिला.

"सकाळी तू टाकी वाजवत होतीस," माय-लिस म्हणाली. "भिंतीपलीकडेच मी कप धूत होते."

गुनवोरने तांब्या पुन्हा भरला.

"किती होती?"

"चार बोटं रिकामी."

"मग बंदरात का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, त्याला एकदा कळलं पाहिजे. तो कुणाचं ऐकून घेतच नाही, माय-लिस. तुलाही माहीत आहे."

"मला काय माहीत आहे ते मला सांगू नकोस." माय-लिसने तिच्या हातातून साबण काढून घेतला. "त्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं."

बाकीचं अंग तिने स्वतःच धुतलं.

दुसऱ्या दिवशी ते मागे फिरून त्याच बंदरात गेले आणि रांगेत दीड तास उभे राहिले. पंप लावण्याआधी हॉकनने गुनवोरला विचारलं, टाकी वाजवून कसं ओळखतात ते दाखवशील का. या वेळी खरंच विचारलं. तिने दाखवलं. त्याने दोनदा वाजवलं, कान लावला आणि भलत्याच ठिकाणी बोट ठेवून इथे ना, म्हणाला. तिने त्याचं बोट धरून वर सरकवलं. असल्या माणसाला कितीही शिकवा, असं तिला वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं असावं, कारण दारात उभी असलेली माय-लिस वळून निघून गेली.

आठवडा पुरा व्हायला तीन दिवस होते. गुनवोरने घरी काम निघाल्याचं सांगितलं. कुणी आग्रह केला नाही. पिवळी फेरीबोट जिथे थांबते त्या धक्क्यावर हॉकनने तिची पिशवी उतरवून दिली, हस्तांदोलन केलं आणि पुढच्या वर्षी नक्की ये म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं, हे तिला सहन होईना. गुनवोरने बोटीवरच्या माय-लिसला हात केला. तिनेही केला, पण धक्क्यावर पाय ठेवला नाही.

फेरीबोटीला चाळीस मिनिटं अवकाश होता. गुनवोर बाकावर बसून पाहत राहिली. हॉकन मोठ्या ऐटीत बंदराबाहेर निघाला होता, आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना धक्क्याला घासू नये म्हणून बांधलेले रबरी फुगे तसेच पाण्यात लोंबत होते. काल बोट घेतलेला माणूससुद्धा ते आत घ्यायला विसरत नाही. तिच्या ओठांवर हसू यायला लागलं. तेवढ्यात माय-लिस आतून आली, कठड्याला धरून पुढे गेली आणि एकेक फुगा वर ओढून घेऊ लागली, आधी उजवीकडचे, मग डावीकडचे, नवऱ्याला काही न सांगता आणि धक्क्याकडे न बघता.