बाकी पाच

दहा वाजता ताईचा डावा स्तन काढणार होते. सव्वानऊला मी तिच्या फाईलमधला रिपोर्ट उचलला. उगाच. हातांना काहीतरी काम हवं होतं.

गाठीत कॅन्सर, असं सांगणारा तो कागद. प्रिंटर बंद पडला म्हणून नमुना क्रमांक हाताने लिहिलेला: ६२८५३७४१. ताईच्या पावतीवर ६२५८३७४१.

दोन्ही दाखवले तर कारकून म्हणाला, "अहो, पाच-आठची अदलाबदल झालीय. माझाच हात. एवढं काय मनावर घेताय?"

मी याच दवाखान्यात सोळा वर्षं फायली लावतोय. इथल्या प्रत्येक क्रमांकाला अकराने पूर्ण भाग जातो. मुद्दाम तसेच देतात. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले की भाग जात नाही आणि चूक उघडी पडते. बघणारा कोणी असेल तर!

पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला. रिपोर्टचा क्रमांक: बाकी पाच. म्हणजे चुकलेलाच. पाच-आठ फिरवले. बाकी शून्य. ताईचाच. तरी एकेक जोडी फिरवत राहिलो. सहा-दोन, नाही. तीन-सात, नाही. शेवटची चार-एक: ६२८५३७१४.

बाकी शून्य.

पुन्हा केला. शून्यच.

"हा क्रमांक कोणाचा?"

कारकुनाने वही चाळली. "दुसऱ्या वॉर्डातली बाई. तिचा रिपोर्ट अजून..."

"अजून काय?"

"आलेला नाही."

"मग हा तिचा कशावरून नाही?"

"तुमच्या बहिणीच्या फाईलमध्ये होता ना!"

"घातला कोणी तिथे?"

त्याने वही मिटली.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनला निघाल्याच होत्या. "भागाकारासाठी मी ऑपरेशन थांबवू?"

"चुकीवर करण्यापेक्षा बरं."

सोळा वर्षांत मी त्यांच्याशी असा बोललो नव्हतो. त्या भडकल्या. पण लॅबला फोन लावला. "दोन्ही नमुन्यांच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली परत बघा. आत्ता."

ताईने विचारलं, "उशीर का रे?"

"डॉक्टरीणबाई चहा पितायत."

"पिऊ दे बाबा. उपाशीपोटी तिचाही हात थरथरायचा."

मला हसू येईना. घड्याळाकडे बघायची भीती वाटत होती आणि तेवढंच बघत होतो.

सव्वादहाला फोन आला. ताईची गाठ साधी. कॅन्सर दुसऱ्या काचेत होता.

ताई रडली, मला दोन शिव्या दिल्या आणि म्हणाली, भूक लागलीय.

मी बाहेर आलो. कारकून भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. बाकावर एक बाई पावती मुठीत धरून बसलेली. सोबत कोणी नाही.

"तिला तुम्हीच सांगा ना," तो पुटपुटला. "माझ्याने नाही होणार."

"आजाराचं डॉक्टर सांगतील. रिपोर्ट कुठे अडकला होता ते तू सांगायचं. चल."

त्याचा दंड धरला. बाकापाशी गेलो.

बाईने वर पाहिलं. "आला का माझा कागद, भाऊ?"