सासरेबुवांचे आसन

डॉक्टर दातांचे होते. अर्धे आयुष्य लोकांच्या जबड्यांत डोकावून झाल्यावर मनुष्याला अशा एखाद्या वस्तूच्या अंतरंगात डोकवावेसे वाटावे की जी कण्हत नाही, थुंकत नाही आणि ‘दुखणार तर नाही ना हो?’ असे विचारीत नाही, यात नवल करण्यासारखे काही नाही. दवाखान्याची वेळ त्यांनी निम्मी केली आणि त्याच महिन्यात एक जुनी, लाल, बिनटपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घरी आणली. आणली म्हणजे टेंपोवर निजवून आणली. दारात उभ्या असलेल्या पत्नीने त्या आगमनाकडे शांतपणे पाहिले.

“हिची कवळी बसवायची आहे, की आधी सगळे दात काढायचे आहेत?”

“अगं, जातिवंत आहे ती! फक्त जीर्णोद्धार करायचा आहे.”

“करा. पण तुमच्या त्या टवळीचं काहीही माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही.”

हा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला, कारण पिस्टन धुवायला भांड्यांच्या सिंकइतकी प्रशस्त जागा घरात दुसरी नव्हती.

डॉक्टरांनी मेकॅनिकचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी आपलेच शास्त्र लोखंडाला लावले. दाढा तपासायचा चिमुकला आरसा लांब दांडीला बांधून त्यांनी इंजिनाचे कोनेकोपरे न्याहाळले. व्हॉल्व्हवरची काजळी त्यांनी दातांवरचे किटण काढावे तशी, हळुवारपणे, हिरडीला धक्का न लावता खरवडली. बॉनेट उघडताना कधी कधी सवयीने त्यांच्या तोंडून ‘आ करा’ निघून जाई. दवाखान्यातली जुनी, पायाने पंप मारून वर चढवायची खुर्ची नवी आल्यापासून गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात होती; तीवर बसून ते चहा घेत आणि समोरच्या लाल रुग्णाकडे भक्तिभावाने पाहत.

पण केवळ दुरुस्तीने तृप्त होईल तो हौशी कसला! मोटारीला वेग हवा, आणि वेगाला हलकेपणा हवा. म्हणून त्यांनी गालिचे काढले, रेडिओ काढला, सिगारेटचे रक्षापात्र काढले, शेजारच्या आसनाखालची चौकट काढली, दाराच्या आतल्या काचा फिरवायच्या दांड्या काढल्या, आणि काढलेली प्रत्येक वस्तू न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली.

“किती झालं?” पत्नीने विचारले.

“साडेअकरा किलो उतरले!”

“जेवण जरा कमी करा. तेवढीच गाडी आणखी हलकी होईल.”

मग त्यांनी स्प्रिंगा कापून मोटार चार बोटे खाली आणली. आता ती रस्त्याला इतकी चिकटून उभी राही, की समोरच्या घरातले मांजर तिच्याखाली जाताना मान खाली घालू लागले. शेवटी राहिला कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचा संगम घडवणारे यंत्र. त्याच्या वाटीला केसाएवढी चीर होती. डॉक्टरांनी ती कवळ्यांच्या गुलाबी मसाल्याने भरली, घासली, चकचकीत केली. काळ्याभोर इंजिनात ती हिरडीसारखी गुलाबी जागा पाहून त्यांना स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला. तो मसाला लोकांच्या तोंडात वर्षानुवर्षे टिकत आला होता. यंत्राच्या तोंडात तो न टिकण्याचे काही कारण त्यांना दिसले नाही.

आता ही सगळी तपश्चर्या कशासाठी, हे सांगितले पाहिजे. वेगासाठी नव्हे. ती होती सासऱ्यांसाठी.

सासरे वाहन परवान्याचे परीक्षक होते. निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ दिवस लोटले होते, परंतु गावात अशी माणसे अजून होती, की जी त्यांना पाहताच रस्ता ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडे बघत. परीक्षकांच्या मोटारीत शेजारच्या आसनापुढे आणखी एक ब्रेक असे. त्या ब्रेकवर त्यांनी आयुष्य काढले होते. अजूनही बसमध्ये, घरच्या आरामखुर्चीत, एवढेच काय, टीव्हीवर मोटारींचा पाठलाग चालला असतानाही त्यांचा पाय जमिनीवर दाणकन पडे.

तरुण असताना डॉक्टर त्यांच्या हाताखाली तीन वेळा नापास झाले होते. तिसऱ्या खेपेस ते चिडून तक्रार सांगायला परीक्षकांच्या घरी गेले. दार मुलीने उघडले. तक्रार राहूनच गेली. पुढे यथावकाश लग्न ठरले, परीक्षकसाहेबांनी लेकीच्या लग्नासाठी आठवडाभराची रजा घेतली, आणि नवरदेवाने नेमक्या त्याच आठवड्यात बदली परीक्षकाकडून परवाना पदरात पाडून घेतला. ही गोष्ट सासऱ्यांना वरपूजेच्या आधी कळली असती तर लग्न झाले असते की नाही, याविषयी घरात अजूनही मतभेद होते.

“माझ्या लेखी जावई अजून नापासच आहेत,” असे ते दर रविवारी जेवताना, कोशिंबीर मागावी इतक्या सहजपणे म्हणत. मुलगी चालवणार असेल तर ते घरच्या मोटारीत मागे बसत. जावई चालवणार असतील तर बसने जात. डॉक्टरांचे केस पांढरे झाले, हाताखालून हजारो दाढा गेल्या, पण या एका माणसाने शेजारी बसून ‘पास’ म्हणावे, ही इच्छा काही उपटून निघाली नाही. आणि स्पोर्ट्स कारची थोरवी अशी, की तिला मागचे आसनच नसते. तिच्यात बसायचे तर शेजारीच बसावे लागते.

मोटार सज्ज झाली त्या रविवारी सासरे जेवून हात पुसत गॅरेजच्या दारात आले.

“चालते?”

“चालते, बाबा.”

“कोण चालवतं?”

“मीच.”

सासऱ्यांनी काठीने टायर ठोकून पाहिले. मग म्हणाले, “बघू. परीक्षा म्हणजे परीक्षा. नातं घरी ठेवायचं.”

“आणि स्वेटरही घेऊन जा,” मुलगी आतून ओरडली, “तिला टप नाही!”

बसणे सोपे गेले. इतके सोपे, की ते बसले नाहीत, अंतर्धान पावले. कापलेल्या स्प्रिंगांनी आणि चौकट गेलेल्या आसनाने त्यांना सामावून घेतले आणि दाराच्या वर फक्त टोपी उरली. “आरसा,” टोपीखालून आवाज आला. डॉक्टरांनी आरसा नीट केला. “हॉर्न आहे की तोही वजनापायी काढला?” हॉर्न होता. निघाले.

डॉक्टरांनी आयुष्यात इतक्या निष्ठेने गाडी चालवली नव्हती. प्रत्येक वळणाला इंडिकेटर, प्रत्येक चौकात दोन्हीकडे नजर, चढावर क्लच असा सोडला की जणू भूल उतरते आहे. सासरे काही बोलत नव्हते, आणि सासऱ्यांचे न बोलणे हे इतरांच्या टाळ्यांच्या बरोबरीचे होते. पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत डॉक्टरांना ‘पास’ हा शब्द जवळजवळ ऐकू आला होता.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “पेट्रोलचा वास येतोय.”

डॉक्टरांनी तत्काळ किल्ली बंद केली आणि बॉनेट उघडले. तोंडात वर्षानुवर्षे टिकणारा तो गुलाबी मसाला पेट्रोलमध्ये तासाभरात विरघळून चिकट झाला होता, आणि चिरेतून थेंब थेंब गळत होते.

“काय झालं?”

“फिलिंग निघालं, बाबा.”

“मी उतरतो.”

हे बोलणे सोपे होते. सासऱ्यांनी एक हात दारावर ठेवला, दुसरा डॅशबोर्डवर ठेवला, श्वास घेतला, आणि जिथे होते तिथेच राहिले. पुन्हा प्रयत्न केला. टोपी उठली, सासरे उठले नाहीत. दारू न पिता दोन प्रौढ माणसे भर दुपारी रस्त्यात एका लाल मोटारीशी अशी झटापट करताना पाहून गाद्या वाहून नेणारा एक टेंपो थांबला.

“आजोबांना बाहेर काढू का?” टेंपोवाल्याने विचारले.

“आजोबांना हात लावायचा नाही,” आजोबा म्हणाले. “गाडी ओढा.”

तशी वरात घरी आली: पुढे गाद्या, मागे दोरी, आणि दोरीच्या टोकाला ताठ मानेने बसलेले परीक्षक. फाटकात मुलगी उभीच होती.

“अगं बाई! बाबा आत अडकले?”

“अडकले नाहीत,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले. “घट्ट बसले आहेत. अक्कलदाढेसारखं आहे हे. नुसतं ओढून उपयोग नाही, आधी हलवायचं.”

“मी ऐकतोय,” सासरे म्हणाले.

मग एकाने इकडून, एकीने तिकडून असे हलके हलके हलवून त्यांना काढण्यात आले. उभे राहिल्यावर त्यांनी टोपी झटकली आणि निकाल दिला: “चालवणं पूर्ण तपासायच्या आतच गाडी बंद पडली. परीक्षा रद्द. पण एक सांगतो, जावईबापू, जिथून उठता येत नाही अशा ठिकाणी बसायचं माझं वय राहिलेलं नाही. मी या गाडीत पुन्हा बसणार नाही.”

ते बसने घरी गेले. डॉक्टर गॅरेजमध्ये जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. पत्नी चहा घेऊन आली.

“स्प्रिंगा परत उंच करा की.”

“मोटारीचं सौंदर्यच गेलं मग.”

“मग बाबांना उचलायला माणूस ठेवा.”

डॉक्टर विमनस्कपणे पाय हलवत होते. पाय सवयीने खुर्चीच्या पेडलवर पडला, आणि खुर्ची एक सुस्कारा टाकून त्यांना चहासकट वीतभर वर घेऊन गेली. ते पेडलकडे पाहत राहिले. मग मोटारीकडे. मग पुन्हा पेडलकडे.

“नको,” पत्नी म्हणाली. तिने सगळे ओळखले होते.

पुढच्या रविवारपर्यंत खुर्चीचा चढउताराचा पाया शेजारच्या आसनाखाली बसला होता आणि पेडल बसणाऱ्याच्या पायापाशी आले होते. साडेअकरा किलोंच्या जागी त्याहून कितीतरी अधिक वजन मोटारीत परत आले. वजनकाट्याचा विषय घरात कोणी काढला नाही. कार्ब्युरेटरची चीर डॉक्टरांनी वेल्डिंगवाल्याकडून पितळेने बुजवून घेतली आणि गुलाबी मसाल्याचा डबा मुकाट्याने दवाखान्यात परत नेला.

“उतरताना फक्त हे दाबायचं, बाबा,” त्यांनी सांगितले. “दाबाल तितके वर याल.”

सासऱ्यांनी पेडलकडे साशंक दृष्टीने पाहिले, पण रद्द झालेली परीक्षा पूर्ण करणे हा त्यांचा धर्म होता. निघाले. पहिल्याच चौकात एक सायकल आडवी आली. डॉक्टरांनी वेळेवर वेग आवरला. पण त्या क्षणी परीक्षकांच्या पायात सगळी नोकरी जागी झाली. पाय दाणकन पेडलवर पडला, आणि मोटार थांबण्याऐवजी सासरे चार बोटे वर गेले.

“बाबा, तो ब्रेक नाही!”

“माहीत आहे मला!” म्हणत त्यांनी तो पुन्हा दाबला.

शाळेपाशी कुत्रा आला, बाजाराच्या तोंडाशी हातगाडी आली, एक बस मागे येऊ लागली. प्रत्येक संकटाला सासरे एक पायरी चढत गेले. समोरच्या काचेच्या वरून वारा लागून टोपी उडाली. घरी परतले तेव्हा ते मोटारीच्या वर, मखरात बसवावे तसे विराजमान झाले होते, केस उभे होते, आणि नाक लाल झाले होते. फाटकापाशी मुलीने तोंडावर हात धरला.

“शेवटच्या वळणावर,” त्यांनी उंचावरून निकाल दिला, “तुम्ही आरशाऐवजी माझ्याकडे बघितलंत. नापास.”

“तुम्ही दिसण्यासारखे होता, बाबा.”

“नापास,” ते म्हणाले, आणि तिथून सहज पाय टाकून खाली उतरले. मग टायरावर काठी आपटून म्हणाले, “पुढच्या रविवारी घाटाकडून घ्या. चढावर थांबून पुन्हा निघणं तपासायचं राहिलंय.”

त्या आठवड्यात त्यांनी मुलीला दोनदा फोन करून रविवारी पाऊस तर नाही ना, असे विचारले. हनुवटीखाली बंद बांधायची एक नवी टोपीही आणली.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर निर्दोष चालवत होते. घाटातल्या चढावर मोटार थांबली आणि सुटली ती केसभरही मागे न सरकता. सायकली बाजूने गेल्या, बस मागून गेली. पेडलवरचा पाय नुसता ठेवलेला राहिला. सासरे खाली, आसनाच्या तळाशी बसून होते. तिथून त्यांना रस्ता दिसत नव्हता. बंद बांधलेली टोपी अगदीच अनावश्यक दिसत होती. घर जवळ आले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

डॉक्टरांनी तिरक्या नजरेने पाहिले. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. दवाखान्याची वेळ निम्मी केल्यावर पहिल्या दुपारी, हात धुवून झाल्यावर, वॉशबेसिनवरच्या आरशात तो त्यांना दिसला होता. पास म्हणजे काय, हे त्यांच्या आता ध्यानात आले. पास झालेल्या उमेदवाराला परीक्षक पुन्हा भेटत नाही.

घराचे वळण आले. डॉक्टरांचा हात इंडिकेटरच्या दांडीपर्यंत गेला, तिथे क्षणभर थांबला, आणि परत चाकावर आला. मोटार टिकटिक न करता, काही न सांगता वळली.

दाणकन पेडल वाजले. सासरे वर आले, उन्हात आले, आणि त्यांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला:

“इंडिकेटर! जावईबापू, इंडिकेटर कुठे आहे?”

“चुकलं, बाबा.”

“चुकलं? एवढ्या वर्षांत हेच शिकलात?” आणखी एक दणका, आणखी चार बोटे. “नापास! साफ नापास!”

फाटकात उभ्या असलेल्या पत्नीने नवऱ्याकडे पाहिले, मग आभाळाच्या दिशेने चढत चाललेल्या वडिलांकडे पाहिले, आणि जेवायची पाने घ्यायला आत गेली.